ठेवायचं की काढायचं

आधी बूट आला. मग मोजा, मग पोटरी, आणि मग गुडघ्यापर्यंतचा अख्खा पाय — डॉक्टरच्या दवाखान्याच्या छतातून, खुर्चीच्या बरोब्बर वर.

त्या वेळी डॉक्टरच्या हातात दात बघायचा इवलासा आरसा होता आणि खुर्चीत शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचं तोंड आधीपासूनच उघडं होतं, त्यामुळे त्यांना धक्का बसला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरला मात्र बसला. इतका, की तिचं किंचाळायचंसुद्धा राहून गेलं. गंजाचा भुगा पोस्टमास्तरांच्या टकलावर हलकेच उतरत होता आणि वर तो पाय आधार शोधत हवेत इकडे-तिकडे हलत होता.

"घाबरू नका," वरून आवाज आला. "मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"छपरवाला."

"ते दिसतंय मला! पण माझ्या छपरात काय करताय?"

मग तोच आवाज, अगदी नम्रपणे — "सध्या तरी... अडकलोय."

पोस्टमास्तरांनी तोंडातला कापूस जिभेने बाजूला सारला. "अहो डॉक्टर, हा माझा माणूस. माझं छप्पर बघायला बोलावलाय मी याला. अरे ए, माझं घर पलीकडचं!"

"पलीकडचंच बघत होतो काका. पण तिथून हे दिसलं... मग राहवलं नाही."

दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत होती. या छपरावरून त्या छपरावर जायला एक ढांग पुरायची. ती ढांग त्याने टाकली आणि तिच्या पत्र्याने त्याला सरळ आत घेतलं.

शिडी लावून त्याला खाली उतरवलं तेव्हा त्याच्या केसांत गंज होता, पोटरीवर लांबलचक ओरखडा होता आणि चेहऱ्यावर, कमाल म्हणजे, जराही ओशाळलेपण नव्हतं. ती औषधाचा बोळा घेऊन त्याच्या पायाशी बसली. पायाला बोळा लागताच तो "स्स्" करून हसला. अर्ध्याच तोंडाने. डावी बाजू हसली, उजवी गप्प राहिली. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"माझ्या छताला भोक पाडलंत तुम्ही."

"डॉक्टर, माझ्या जागी मांजर असतं तरी पडलं असतं. पत्रा नाही तो, पापुद्रा आहे. वासेसुद्धा कुजलेत. सगळं छप्पर बदलावं लागेल. वादळांचा मोसम महिन्यावर आलाय."

ते तिला माहीत होतं. हे गाव वादळांच्या वाटेवरच वसलेलं. वर्षातून एकदा तरी समुद्रावरून वारा असा यायचा, की माणसं आधी देवाला नाही, छपराला हात जोडायची. गेल्या वर्षी गावातल्या दुसऱ्या दातांच्या डॉक्टरचं छप्पर गेलं, त्याच्या मागोमाग यंत्रं भिजली, आणि महिन्याभरात डॉक्टरही गाव सोडून गेला. आता पंचक्रोशीत ती एकटीच. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची नोकरी नाकारून तिने हा दवाखाना उभा केला होता. ही एक खुर्ची, हे एक्स-रेचं यंत्र, खिडकीतला निळा पडदा. वादळाच्या आत डोक्यावर धड छप्पर आलं नाही, तर हे सगळं एका दुपारीत चिखल होणार होतं.

"बघू," ती म्हणाली. "माझ्या मावशीने एक माणूस बघून ठेवलाय."

दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मावशी लगेच पुढे आली. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. "चांगला माणूस आहे हो," मावशी म्हणाली. "मोठ्या कंपनीचा. टाय घातला होता. म्हणाला, छप्पर बदलायची गरजच नाही, वरून रसायन फासलं की दहा वर्षं बघायला नको."

"त्याला एकच विचारा मावशी. वादळानंतर कुठे सापडाल?"

"आणि तुम्ही कुठे सापडाल?" डॉक्टरने विचारलं.

"मी? भाजीबाजारात. तुमचं छप्पर उडालं तर चारचौघांत माझी गचांडी धरता येईल तुम्हाला. टायवाल्याची धरायला टाय आहे, हे मान्य. पण तो हाताला लागायला हवा ना."

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच. ते लपवायला तिने एकदम डॉक्टरी आवाज काढला. "गालाला काय झालंय?"

"कुठे काय?"

"उजवीकडे. आ करा."

वाशावरून वाऱ्यात चालणारा तो गडी तीन पावलं मागे सरकला. "नको. मी उंचीला भीत नाही डॉक्टर, पण या खुर्चीला भितो."

"जमिनीपासून दीड फुटावर आहे ती."

"तेच तर. खाली पडून सुटायचीसुद्धा सोय नाही."

त्या दिवशी तो पळाला. पण छताच्या भोकावर त्याने स्वतःहून ताडपत्री बांधली, आणि दुसऱ्या दिवशी ती ताडपत्री नीट आहे ना हे बघायला आला. तिसऱ्या दिवशी गाठ सैल झाली असेल म्हणून आला. गाठ सैल नव्हती. चौथ्या दिवशी कसलंच कारण न सांगता आला, उजवा गाल हातात धरून, आणि डोळे मिटून खुर्चीत बसला. "करा काय करायचं ते."

अक्कलदाढ होती. तिने एक्स-रे काढला, पण खालच्या नसेचा भरवसा वाटेना. "फोटो नीट बघते. वाचते की नाही ते संध्याकाळी कळवते."

दारापर्यंत जाऊन तो वळला. "आणि छपराचंही कळवा. आजच्या आज. माझी माणसं उद्या मोकळी आहेत, परवा नाहीत."

संध्याकाळी ती टेबलाशी बसली. छपराचं खरं तर ठरून गेलं होतं. मावशी जिंकली होती; टायवाला सोमवारी येणार होता. आता फक्त त्याला नाही म्हणायचं होतं. पण फोनवर तेवढी एक ओळ लिहिता लिहिता तिची तारांबळ उडाली. 'माफ करा, पण' लिहिलं, खोडलं. 'तुमचं काम चांगलंच असेल, तरी' लिहिलं, तेही खोडलं. ताडपत्री बघायला उद्यापासून तो येणार नाही, असं कुठेतरी मनात आलं आणि बोट तिथेच अडलं...

तेवढ्यात त्याचाच निरोप आला.

'काय ठरलं? ठेवायचं की काढायचं?'

समोर दिव्याला टेकवून ठेवलेला त्याच्या दाढेचा फोटो होता. चला, आधी दाढेचं विचारतोय! तिला इतकं हायसं वाटलं, की तिने त्याच्याच शब्दांत, एका दमात लिहून टाकलं —

'काढायचं. आतून पार पोकळ झालंय, डागडुजीने भागणार नाही. उशीर केलात तर शेजारचंही जाईल. उद्या सकाळी मी शाळेत मुलांचे दात तपासायला जातेय, एकला परत येईन. तोवर तयार राहा. आणि पोटभर जेवून घ्या, नंतर काही तास खायला मिळणार नाही.'

मिनिटभराने उत्तर आलं. 'आभारी आहे. सगळ्यांना सांगतो.'

सगळ्यांना? स्वतःची दाढ काढायची तर गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखं सगळ्यांना काय सांगायचं? वेडाच आहे, ती मनाशी म्हणाली, आणि हसतच दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिने दवाखान्याचं दार उघडलं आणि तिचे डोळे दिपले.

आधी तिला वाटलं, दिवा राहिला असेल चालू. मग वाटलं, भिंती रंगवल्या की काय? मग तिने वर बघितलं.

वर आभाळ होतं.

निळंशार, चारी भिंतींना काटकोनात बसलेलं आभाळ, आणि त्यातून संथपणे जाणारा एक पांढरा ढग. छत नव्हतं. पत्रे नव्हते. वासे नव्हते. खुर्ची आणि यंत्र ताडपत्रीत बांधून ठेवलेली, बाकी सगळं उन्हात न्हालेलं. भिंतीच्या माथ्यावर घोड्यावर बसावं तसा बसून छपरवाला तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होता.

"अर्धा तास आधीच उरकलं बघा! तुम्ही म्हणालात एकपर्यंत तयार—"

दातांच्या डॉक्टरची दातखीळ बसली. हातातली पिशवी कधी खाली पडली ते तिला कळलं नाही. शाळेत वाटून उरलेले टूथब्रश जमिनीभर पसरले.

"मावशी..." शेवटी एवढंच फुटलं.

मावशी आतून हात पुसत आली. "काय गं? तूच सांगितलंस ना याला? मी म्हटलं, रात्रीतून बदलला असेल विचार. माणसं तर काय सकाळी अशी जेवून आली होती! म्हणे डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद आहे."

"मी... मी असं कधी..."

त्याने खिशातून फोन काढला आणि भिंतीवर बसल्या बसल्या तिचाच निरोप तिला मोठ्याने वाचून दाखवला. काढायचं. आतून पार पोकळ झालंय. डागडुजीने भागणार नाही. एकेक वाक्य ऐकताना तिचे कान तापत गेले. 'शेजारचंही जाईल'ला पलीकडच्या भिंतीवरून पोस्टमास्तरांचं डोकं वर आलं.

"ते वाचून मला फार बरं वाटलं होतं डॉक्टर," ते गहिवरून म्हणाले. "शेजाऱ्याच्या छपराची एवढी काळजी आजकाल कोण करतं?"

"दाढ!" ती ओरडली. "दाढेबद्दल लिहिलं होतं मी! यांच्या अक्कलदाढेबद्दल!"

त्याचा हात आपोआप उजव्या गालावर गेला. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, जणू खालून कुणी बूच काढलं.

"मी तर... छपराबद्दल विचारलं होतं." मग आणखी हळू आवाजात — "म्हणजे, छप्पर काढायचं नव्हतं... आणि दाढ काढायची आहे?"

भिंतीपाशी बसलेले त्याचे चार कामगार एकदम कुठेतरी दुसरीकडे बघायला लागले. त्यांतल्या एकाचे खांदे हलत होते.

"खाली या," ती म्हणाली.

"डॉक्टर, मी आत्ताच्या आत्ता—"

"खाली या आणि खुर्चीत बसा. जेवलात ना पोटभर? मग बसा."

गावात आजवर कुणाची दाढ अशी निघाली नसेल. ताडपत्री सोडली, खुर्ची पुसली, सुई दिली. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची आवळली आणि नजर आभाळात रोवली. रागाने तिचे कान अजून तापलेले होते, पण हात अगदी शांत. आणि उजेड! खरं सांगायचं तर, इतका छान उजेड त्या खोलीत तिला कधीच मिळाला नव्हता. त्याच्या भुवईतला लाकडाचा कण, पापणीच्या टोकाला अडकलेलं घाबरलेलं पाणी, सगळं दिसत होतं. नको तेवढं.

दाढ निघाली. सुन्न तोंडात कापूस घेऊन तो उठला, छातीवर हात ठेवला. "वाहळाच्या आह हप्पर होईल. हब्द हेतो."

असली भाषा तिच्या रोजच्या ऐकण्यातली. "शब्द नकोत," ती म्हणाली. "पत्रे आणा."

आणि संध्याकाळी रेडिओने दुसरा धक्का दिला. समुद्रात वादळ उठलं होतं. मोसमाच्या तीन आठवडे आधीच. आठवडाभरात किनाऱ्याला लागेल म्हणे. ज्याच्याकडे त्याने पत्रे सांगून ठेवले होते, त्याचं दुकान बातमीनंतर तासाभरात रिकामं झालं. टायवाल्याला मावशीने फोन लावला. एकदा, दोनदा, दहादा. त्याचा फोन त्या दिवसापासून बंद तो बंदच.

डोक्यावर आभाळ, समोर वादळ. डॉक्टर खुर्चीला टेकून तिथेच जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा तिला रडू आलं.

तो दारात उभा होता. बोळा गेला होता, गाल अजून सुजलेला. नुसतं तिच्याकडे बघितलं, वळला आणि निघून गेला. संपलं, तिला वाटलं. हाही गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत भिंतीवर हातोडी वाजली.

तीन दिवसांत नवे वासे चढले. चौथ्या दिवशी टेम्पो आला आणि त्यातून उतरले गर्द हिरवे, नवेकोरे पत्रे. ती बघतच राहिली. "कुठे मिळाले?"

"होते एकाकडे," तो म्हणाला आणि शिडी चढून गेला.

दवाखाना बंद, हात रिकामे. तीही वर गेली. मावशी खालून ओरडत राहिली — "अगं, डॉक्टर आहेस तू, माकड नाहीस!" — पण तिला ते वर बसणं आवडायला लागलं होतं. मध्येच पावसाची एखादी भुरभुर यायची, पत्र्यावर टिपटिप करून जायची. तो स्क्रू लावायचा, ती एकेक हातात द्यायची. मग एकदा तिने स्वतःच स्क्रू फिरवायचं यंत्र मागून घेतलं.

"हळू. खाली रबराची चकती आहे ना, ती फक्त दबायला हवी. जास्त आवळलं तर फाटते, कमी आवळलं तर पाणी शिरतं."

"मला शिकवताय? रोज दातांत याच्या दहापट बारीक काम करते मी."

"म्हणून तर बघतोय." तो खरंच बघत होता. स्क्रूकडे नाही.

प्रत्येक वासा त्याने लोखंडी पट्टीने भिंतीला जखडला होता. इतक्या पट्ट्या कशाला, तिने विचारलं. छप्पर काय पळून जाणार आहे?

"सगळ्यांना वाटतं, वादळ छप्पर दाबतं. दाबत नाही डॉक्टर, उचलतं. वारा खाली शिरतो आणि अख्खं छप्पर वर खेचतो. म्हणून नुसता खालून टेकू देऊन भागत नाही... धरून ठेवावं लागतं."

बोलता बोलता त्याचा हात पत्र्यावर टेकला, तो नेमका तिच्या हातावर. दोघांनीही तो लगेच काढला नाही. खालून मावशीने "चहा!" म्हणून हाक मारली तेव्हा दोघांनी एकदमच काढला.

सहाव्या दिवशी दुपारी छप्पर पुरं झालं. वादळ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. तो हात हलवून गेला, आणि तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, दाढेची जखम बघायची राहिलीच. वादळात दोन दिवस अडकला तर? जखम चिघळली तर? डॉक्टरचं कर्तव्यच आहे ते, असं तिने मावशीला दोनदा सांगितलं. मावशीने एकदाही विचारलं नव्हतं.

त्याचं घर गावाच्या टोकाला. गल्ली वळून ती अंगणात शिरली आणि जागच्या जागी खिळली.

घराला छप्पर नव्हतं.

चार भिंती, वर जुन्या ताडपत्र्यांचे तुकडे तुकडे जोडून केलेलं पांघरूण, दोऱ्यांनी दगडांना बांधलेलं. अंगणात लाकडी घोडी, पत्रे रचून ठेवायची. रिकामी. तिच्या पायाशी एक कापलेला तुकडा पडला होता. गर्द हिरवा. तिने तो उचलला.

दारात त्याची आई भांडी पोत्यात भरत बसली होती. तिने वर बघितलं, डॉक्टरच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"रंग मीच निवडला होता," ती म्हणाली. "गेल्या वादळात आमचं छप्पर गेलं. लोकांची करता करता आमचं राहत गेलं, शेवटी या महिन्यात करायचं ठरलं होतं. बरा दिसतो का तुमच्याकडे?"

डॉक्टरच्या हातातून औषधं गळाली. भिंतीवर दोरी आवळत तो उभा होता. तिला बघून गोठलाच.

"तू वेडा आहेस का?" ती ओरडली. अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. "वादळ उद्यावर आलंय! तुझी आई — तू — या दोऱ्या धरून बसणार होतास? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर घेतले असतेत का?"

"नसते घेतले!"

"म्हणून."

"तीन दिवस मीही हेच विचारतेय त्याला, वेडा आहेस का म्हणून," त्याची आई भांडं पुसत म्हणाली. "डॉक्टर, अक्कलदाढ काढलीत ना तुम्ही याची? त्याचाच परिणाम."

तिला हसावं की रडावं कळेना. तिने डोळे पुसले. "सामान बांधा. आत्ताच्या आत्ता दोघं माझ्याकडे चला."

"नाही, तसं नको," तो म्हणाला. "लोक काय—"

"मी केव्हाची बांधूनच बसलेय," आई पोतं उचलत म्हणाली. "पोरी, एवढं टोक धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला वादळ आलं.

आलं म्हणजे, आधी आवाज आला. समुद्र उठून गल्लीत चालत यावा तसा. मग खिडक्या थरथरल्या, भिंत गुरगुरली, आणि छपरावर पाऊस असा कोसळला, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. दवाखान्यात चौघं होती. त्याची आई दातांच्या खुर्चीत पाय लांब करून पहुडली होती — "केवढी आरामाची आहे गं! लोक भितात कशाला?" — मावशी दारामागे स्टुलावर, आणि ती दोघं पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. तो सारखा वर बघत होता. प्रत्येक झोताबरोबर वासे करकरत, पट्ट्या ताणत, छप्पर वर जाऊ बघायचं. आणि जायचं नाही. दोनदा बाहेर काहीतरी प्रचंड आदळलं. दोन्ही वेळा तिने त्याचा हात पकडला. दुसऱ्यांदा सोडला नाही.

दुपारचे दोन वाजले तरी तेच. तिच्या मनात मात्र कालपासून एकच गोष्ट कुरतडत होती. ती त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली —

"खरं सांग! चूक भरून काढायला दिलेस ना पत्रे?"

"काय?"

"चूक! माझं छप्पर काढलंस, म्हणून! वाईट वाटलं म्हणून दिलेस ना?"

ते सोडून दुसरं काही असेल, तर तिला ते ऐकायचं होतं. आणि तेवढंच असेल, तर तिला आत्ताच कळायला हवं होतं; या हाताची सवय व्हायच्या आत. तो तिच्याकडे बघत राहिला. मग काहीतरी बोलला. वाऱ्याने ते पळवून नेलं.

"ऐकू येत नाही!"

"म्हटलं, चुकीसाठी कुणी आपल्या आईचे पत्रे—"

"मोठ्याने!"

त्याने छातीभर श्वास घेतला. दोन्ही हातांचा कर्णा केला. वाशावरून कामगारांना हाक मारायचा तो सगळा आवाज एकवटला —

आणि वारा थांबला.

एकदम. कुणी बटण दाबावं तसा. पाऊस थांबला, गुरगुर थांबली, करकर थांबली. वादळाचा डोळा नेमका त्या घरावर येऊन उघडला. आणि त्या लख्ख, कानठळ्या बसवणाऱ्या शांततेत त्याचा आवाज चारी भिंतींवर, दारावर, खिडकीबाहेरच्या रिकाम्या गल्लीवर घुमला —

"—कारण मला तू आवडतेस!"

कुणीच हललं नाही.

तो तोंडाजवळ हात तसेच धरून बसला होता. चेहरा पांढराफटक. स्वतःच्याच आवाजाचा एवढा धक्का बसलेला माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. मावशी स्टुलावरून अर्धी उठून तशीच राहिली. खुर्चीत त्याच्या आईने सावकाश एक डोळा उघडला.

भिंतीपलीकडून पोस्टमास्तरांचा आवाज आला. "इकडेही ऐकू आलं हो!"

"मी..." तो पुटपुटला. "मला वाटलं, वारा असेल..."

"वारा परत येईल ना?" तिने विचारलं. तिचा आवाज विचित्र येत होता, पातळ.

"येईल. अर्ध्या तासाने. उलट्या बाजूने." तो उठायला लागला. "मी वर जाऊन... पट्ट्या बघून..."

"बस."

तो बसला.

ती त्याच्याजवळ सरकली. इतकी, की त्याच्या भुवईतला लाकडाचा कण पुन्हा दिसायला लागला. मग तिने हाताचा आडोसा केला, त्याच्या कानाशी ओठ नेले आणि उत्तर दिलं. छोटंसंच होतं. पण ते ऐकताना त्याचे कान आधी लाल झाले, मग मान, आणि मग तो हसला. पूर्ण तोंडाने, दोन्ही बाजूंनी.

"काय म्हणाली?" मावशीने खुर्चीकडे वाकून विचारलं.

"कुणास ठाऊक!" त्याची आई वैतागली. "अगं ए, मोठ्याने बोल ना जरा! आत्ताच तर ऐकू येत होतं सगळं!"